सुजाताताईंची तक्रार

सुजाताताईंसमोर कुणी ‘तो प्रकार’ म्हटलं, की त्या बोलणाऱ्याला तिथेच थांबवायच्या. “प्रकार नाही. साहेबांनी केबिनचं दार लावून मला कमरेला धरलं. तेवढं म्हणा.” समोरचा माणूस चहाच्या कपात बघत बसायचा.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच. खाली आम्ही, वर त्या. भंडाऱ्याकडच्या, घराण्यातल्या पहिल्या इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मालाची तपासणी बघायच्या. चालणं झपाझप, हसणं जिन्यातून ऐकू येईल असं. हिंदी मात्र अजूनही मराठी वळणाचीच.

तक्रार दिल्यावर कारखान्याच्या अंतर्गत समितीने त्यांना बोलावलं. समितीच्या अध्यक्ष बाई साहेबांच्याच हाताखालच्या. त्यांनी विचारलं, “आप चिल्लाईं क्यों नहीं?”

“मैं चिल्लाई नहीं, तो हाथ उनका नहीं था क्या?” असं आपण म्हटल्याचं ताईंनी मला हसत सांगितलं. सांगता सांगता उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतला नळ बराच वेळ चालू होता.

त्यांची सगळी भिस्त नेहावर होती. नेहा त्यांच्या हाताखाली काम करायची. केबिनमधून बाहेर आलेल्या ताईंना तिनेच धरून बसवलं होतं, पाणी दिलं होतं. समितीपुढे तिने लिहून दिलं, मी काही पाहिलं नाही, आणि मॅडम बढतीवरून साहेबांवर नाराज होत्या. आरोप सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. वर ताईंची बदली पानिपतच्या गोदामात झाली. कारण काय, तर “आपकी सेफ्टी के लिए.”

“सेफ्टी माझी,” ताई म्हणाल्या, “आणि खुर्ची त्यांची जिथल्या तिथे.”

ताईंचे यजमान म्हणाले, राजीनामा दे, दुसरी नोकरी मिळेल. ताई म्हणाल्या, “मी सोडून गेले तर त्यांचंच म्हणणं खरं ठरेल.” यजमानांनी नागपूरला बदली मागून घेतली. आधी फोन यायचे, मग सणावारी, मग तेही नाही. ताई पहाटेच्या गाडीने पानिपतला जात राहिल्या आणि रजा टाकून, त्या निष्कर्षाविरुद्ध कोर्टात केलेल्या अपिलाच्या तारखांना. कधी वकील आजारी, कधी कंपनीचा माणूस गैरहजर. त्या वर्षांत जिन्यातलं ते हसणं ऐकू येईनासं झालं.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. चौकशी नीट झाली नाही, ती नव्याने करा आणि यांना मूळ जागी घ्या, असं कोर्टाने सांगितलं. मी पेढे घेऊन वर गेले. ताईंनी डबा उघडलाच नाही. “साहेब केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेले गं. मोठ्या पदावर. आता मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, धरलं कुठे, कसं.” नवी चौकशी अजून रेंगाळतेच आहे. कारखान्यात त्यांच्या टेबलाशी कुणी डबा खायला बसत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना दारात नेहा उभी.

“मॅम, वो नए सर…”

ताई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. “मेरे टाइम पे तूने क्या लिखा था, याद है?”

नेहा रडायला लागली.

“रो मत. याद है के नहीं?”

“है, मॅम.”

ताई आत गेल्या, शाल घेऊन आल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मंजिरी, चल. वकिलांकडे जाऊ.”

रिक्षात नेहाला कळू नये म्हणून मी मराठीत विचारलं, “माफ केलंत हिला?”

“बिल्कुल नाही,” ताई बाहेर बघत म्हणाल्या. “पण त्या समितीपुढे एकटीने बसणं काय असतं ते मला माहीत आहे.”

वकिलांकडे गर्दी होती. बाहेरच्या बाकावर ताई आणि नेहा आमचा नंबर येईपर्यंत बसून राहिल्या. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. मी उभीच राहिले.