आईने उचललेला भंडारा

अनया, मिहिर, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या घरी मी हौसेने डीएनए तपासणीच्या नळीत थुंकले, त्याचा निकाल आला. माझ्याशी रक्ताने जुळणाऱ्यांमध्ये सगळ्यात वर निखिल नावाचा एक तरुण. "आजी, हा एवढा जवळचा कोण?" तुम्ही विचारलंत. मी विषय बदलला. आता लिहिते, कारण परवा त्याच्या वडिलांचा फोन आला.

नांदूरघाटच्या बाजूचं एक गाव. देवळाचा ओटा. खाली सगळं गाव बसलेलं. आई उन्हात उभी, मी तिचं लुगडं धरून. शाळेत माझं नाव घालताना तिने बापाचं नाव खरं सांगितलं होतं, त्याचाच हा निवाडा. आम्ही मेंढपाळ. उन्हाळ्यात गावच्या जमीनदाराच्या, मालकाच्या, रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचो. आई विधवा. रान त्याचं, गाव त्याचं. मीही त्याचीच.

आईने बेलभंडारा उचलला. देवाचा बेल आणि हळद हातात घेऊन आमच्यात कोणी खोटं बोलत नाही. "पोर मालकाची हाय," ती म्हणाली.

मग मालकानेही उचलला. "हिच्या पोरीत माझं रक्त असंल तर माझा वंश बुडंल."

त्याचे घारे डोळे माझ्या तोंडावर होते. सगळ्यांना दिसत होते. तरी एक जण म्हणाला, "मालक कावून खोटं बोलतील?"

मालकीण ओट्यावरून उतरली. मूठभर माती आईच्या तोंडात कोंबली. "गिळ आता."

लोक हसले. आईने गिळली.

त्यानंतर आमची मेंढरं कुणी रानात बसू दिली नाहीत. आई बीडला एका वसतिगृहात भाकरी थापत राहिली. मी इंग्रजी शिकले, जन्मभर शिकवलं. आई गेली तेव्हाही गावाच्या तोंडी ती 'खोट्या भंडाऱ्याची'च होती.

निखिल त्या मालकाचा नातू. आपलं घराणं किती शुद्ध हे परदेशातल्या मित्रांना दाखवायला त्याने तपासणी केली. वंशावळही सगळ्यांना खुली ठेवली, वर आजोबांचं नाव. वंश बुडाला नाही. वंशच साक्षीला आला.

निखिलचे वडील आता माजलगावकडचे पुढारी. परवा फोनवर म्हणाले,

"आक्का, नाव काढा त्या यादीतून. लई जुनी गोष्ट हाय."

"आक्का? आजपासून का?"

"दिवाळीला येतो. भाऊ म्हणून साडीचोळी करतो. घरातल्या घरात."

"माझ्या आईला माती घरातल्या घरात चारली नव्हती."

"मेलेल्या माणसाची अब्रू कावून काढता?"

"मेला म्हणून सुटला नाही. यात्रेला त्या ओट्यावर या. भंडारा उचला. सांगा, बाई खरं बोलली होती."

"आन न्हाई आलो तर?"

"मी येतेय."

त्याने फोन ठेवला.

निखिलचा यात दोष नाही. तुमच्या आईचा मामेभाऊ तो, तुमचा मामा. खुशाल बोला त्याच्याशी. मला मात्र सूड हवा आहे. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

यात्रेच्या दिवशी मी ओट्यावर चढणार. आईचं नाव घेणार, मालकाचं घेणार, निकाल मराठीत वाचून दाखवणार. माईक दिला नाही तरी चालेल. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात असे.

त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघं अजून जिवंत आहेत. मीही जिवंत आहे.