चष्म्याचा कोर्स

गेल्या गुरुवारी माझी गणेशपुरीची एसटी चुकली. इतक्या वर्षांत तिथल्या समाधीचं गुरुवारचं दर्शन फार क्वचित चुकलं असेल... पण या वेळी चुकलं ते का, हे सांगावंसं वाटतंय.

आमच्या गावच्या मालती वहिनी निजामपुऱ्यात माझ्या मागच्याच गल्लीत राहतात. लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरतात. त्यांची मुलगी प्रणाली चांगल्या मार्कांनी दहावी पास झाली आणि अकरावी सायन्सच्या ऑनलाइन यादीत तिचं नावही लागलं. आता कॉलेजात जाऊन विषयांचा फॉर्म भरायचा होता.

"भावजी, तुम्ही चला. मला त्यातलं काय कळत न्हाय," वहिनी म्हणाल्या.

मीही लूमच्याच कारखान्यात, सुपरवायझर. गल्लीत कुणाचाही फॉर्म असला की मला बोलावतात... आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. विचार केला, काम उरकून तिथूनच एसटी पकडू. खिशाला पेन लावून निघालो.

रांग थेट गेटपर्यंत आली होती. उभ्या उभ्याच फॉर्म भरायला घेतला. प्रणालीला नर्स व्हायचंय हे मला ठाऊक होतं. पण कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं की सायन्सला कॉम्प्युटरचं बायफोकल घ्यावं, म्हणजे तो दोनशे मार्कांचा व्यवसायशिक्षणाचा विषय, मार्क चांगले पडतात. आणि हॉस्पिटलातही आता सगळं कॉम्प्युटरवरच चालतं ना... मी ठामपणे तिथे टिक केली.

"बायफोकल?" वहिनींनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वीच मला तसला चष्मा लागलाय आणि मी तो शब्द गल्लीभर सांगत फिरलोय. "भावजी, पोरीचे डोळे चांगले हायत. तिला चष्म्याचा कोर्स कशाला?"

मागचे दोघं-तिघं हसले. मीही हसलो आणि वहिनींना समजावून सांगितलं, की हा विषय वेगळा, चष्मा वेगळा. प्रणाली मात्र हसली नाही. ती फॉर्मच्या तळाच्या बारीक ओळी वाचत होती.

खिडकीपाशी आमच्यापुढे दोनच जण उरले तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. सुट्टीत ती अंबाडीजवळ मामाकडे गेली होती. तिथल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना गाठून तिने विचारलं होतं, की बी.एस्सी. नर्सिंगला जायचं तर बारावीला कुठले विषय लागतात. सिस्टरनी लिहून दिलं होतं... फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश. बायोलॉजीखाली दोन रेघा. तेवढ्यावरही ती थांबली नव्हती. एका नर्सिंग कॉलेजात जाऊन तिथल्या नोटीस बोर्डाशी तो कागद ताडून आली होती.

"आणि हे बघा," तिने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. मी चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचलं. कॉम्प्युटरचं बायफोकल घेतलं की दुसरी भाषा आणि बायोलॉजी, दोन्ही सोडावी लागणार होती.

तिने त्या ओळी वाचल्या नसत्या तर माझ्या एका टिकने पोरीचं नर्सिंग गेलं असतं, आणि आम्हाला ते कळलं असतं बारावीनंतर.

"अगं, मग मघाशीच का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने भरत होतात..."

खाडाखोड चालणार नव्हती. नवा फॉर्म घ्यायचा म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी. मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, आगे बढ़ो ना! सबको घर जाना है." मी घड्याळ बघत होतो, तोवर प्रणाली रांगेतून बाहेरही पडली होती. "चला काका, परत उभं राहू. वाजतील तेवढे वाजू देत."

या वेळी फॉर्म तिने भरला. ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून मी वाकून पाठ पुढे केली.

तसं वाकलेलो असतानाच मला माझी दहावी आठवली. गावच्या शाळेत गुरुजींनी आम्हा सगळ्यांच्या फॉर्मवर आर्ट्स लिहिलं होतं. मला चित्रं काढायची भारी हौस. आर्ट्सला ड्रॉइंग शिकवतात असं समजून मी खुशीत सही केली होती... गुरुजींना काय दोष द्यायचा, त्यांनीही प्रेमानेच भरला होता. विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

प्रणालीने केलं त्याहून कारखान्यात आम्ही काय वेगळं करतो? कापडावर कुठल्या रंगाची पट्टी हवी ते आधी ठरतं, मग त्या हिशोबाने बीमवर, म्हणजे लूमच्या मोठ्या रिळावर, धागे चढतात. रोज डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट मला पोरीच्या फॉर्मच्या वेळी सुचली नाही. तिला मात्र कुणी न शिकवता सुचली.

खिडकीवरच्या मॅडमनी फॉर्म वाचला. "बायोलॉजी नक्की ना? नंतर बदलून मिळणार नाही हं."

"नक्की," प्रणाली म्हणाली. आवाज एवढासाच, पण मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. "बारावीनंतर दर वर्षी कुणीतरी रडत येतं इथे," असं पुटपुटत त्यांनी शिक्का मारला.

बाहेर आलो तेव्हा माझी एसटी कधीच गेली होती. वहिनींनी टपरीवर चहा पाजला. ग्लास हातात देताना म्हणाल्या, "भावजी, पुढल्या वर्षी धाकटीचा फॉर्म हाय. याल ना? पेन नका आणू... पाठ तेवढी आणा."

येईन म्हटलं.

घरी येऊन देवापुढे दिवा लावला. त्या गुरुवारी दर्शन झालं नाही, असं काही माझ्याने म्हणवलं नाही.