विल्सनचा हिरवा ठिपका

कोविडच्या त्या वर्षी ऑफिस बंद होतं, पण ऑफिसचे किस्से कसले बंद होतायत! घरात बसून उलट जास्तच साचले. आमची इथली, परदेशातल्या पॅरामॅटाची आठ जणांची टीम, आणि सगळ्यांच्या 'वेलबीइंग'ची जबाबदारी कुणाच्या गळ्यात? माझ्या!

*

मॅनेजर हेलनने पद्धत काढली. रोज सकाळी नऊला चॅटवर ठिपका टाकायचा. बरं असेल तर हिरवा, त्रास असेल तर लाल. पहिल्याच आठवड्यात मी लाल टाकला. दोन पोरं घरात, त्यांची शाळा माझ्याच लॅपटॉपवर, डोकं नुसतं भणभणलेलं. लगेच हेलनचा फोन, मग एचआरचा, मग चार पानी फॉर्म!

दुसऱ्या दिवसापासून मी ठणठणीत हिरवी. सगळेच शहाणे झाले.

*

मग लंचमध्ये ऑनलाइन योगा. सगळे आपापल्या घरी शवासनात. माझा धाकटा स्क्रीनमध्ये डोकावला आणि ओरडला, "मम, आर दे ऑल डेड?"

माइक चालू होता. कुणीच हसलं नाही.

*

विल्सन वसईचा. इथेच युनिव्हर्सिटी करून राहिलेला, वेंटवर्थव्हिलला एकटाच. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. त्याचे पप्पा तिकडे कोविडने ऑक्सिजनवर होते. बॉर्डर बंद, जायची परवानगी सरकारकडे मागितली तर उत्तरच नाही.

"अरे, लाल टाक ना!" मी म्हटलं.

"नको गं. त्या फॉर्मवर विचारतात, काय केलं तर बरं वाटेल? काय लिहू, विमान?"

मी हेलनला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अजून लाज वाटते.

*

गुरुवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, मेडिटेशन. विल्सनचा कॅमेरा बंद. मी मेसेज केला, "कॅमेरा लाव, हेलन विचारतेय."

उत्तर आलं, "पप्पांना दफनाला नेतायत. फोनवर बघतोय."

इकडे हेलन सांगत होती, "आता श्वास सावकाश सोडा."

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला विल्सनचा ठिपका आला. हिरवा.

*

महिनाअखेरीस हेलनने बक्षीस जाहीर केलं. एकही दिवस न चुकवता सगळे ठिपके हिरवे, असा एकच माणूस निघाला! विल्सनच्या घरी हॅम्पर गेलं. चहा, लोकरी मोजे, लॅव्हेंडरची मेणबत्ती.

"विल्सन, आवडलं का हॅम्पर?" हेलनने मीटिंगमध्ये विचारलं.

विल्सनने कितीतरी दिवसांनी कॅमेरा लावला. मागे टेबलावर पप्पांचा फोटो, त्याच्यापुढे ती मेणबत्ती पेटलेली.

"थँक्स, हेलन. मेणबत्ती कामाला आली."

"लव्हली!" हेलन म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.