साखरबाईंच्या गोठ्यातली इटली

दर रविवारी सकाळी आठ वाजता शिरूरच्या एसटी स्टँडसमोर मी निळी छत्री उघडून उभी राहते. पुण्याहून, रांजणगावच्या कंपन्यांतून दहा-पंधरा जण येतात आणि मी त्यांना पायी फिरवून शिरूरमधली इटली दाखवते. हसू नका. एमआयडीसीत इटालियन इंजिनिअर आले, राहिले, गेले. त्यांच्या जिभेची चव गावात उरली. सुभानचाचांच्या बेकरीत खारीशेजारी पिझ्झ्याचे पाव भाजतात, मार्केट यार्डाजवळच्या गाडीवर पास्त्याला कांदा-लसूण मसाला पडतो. पण फेरीचा खरा जीव होता शेवटच्या थांब्यात, साखरबाईंच्या गोठ्यात.

साखरबाईंनी साठी ओलांडलीय. नदीच्या कडेला घर, दारात चार म्हशी. पंधरा वर्षांपूर्वी त्या एका इटालियन साहेबाच्या बंगल्यावर कामाला होत्या. साहेबाची बायको लुचिया तिच्या गावच्या चीजसाठी झुरायची. ते चीज तिकडेही म्हशीच्याच दुधाचं करतात, हे तिनं एकदा साखरबाईंच्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवत खुणेनं सांगितलं. मग दोघी इरेला पेटल्या. कोमट दुधात व्हिनेगर घालायचं, गोळा जमला की कढत पाण्यात बुडवून हातानं ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. महिनाभर सगळं बिघडलं. मग एक दिवस जमलं, आणि दोघी चुलीपुढं बसून नुसत्या हसत सुटल्या. पाहुण्यांसमोर गोळा ओढताना साखरबाईंची बोटं लालबुंद व्हायची. भाजत नाही का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "भाजतंय की. पर हात थांबला की चीज तुटतंय."

मग एका बाईंनी नेटवर लिहिलं, 'शेवटचा थांबा अस्वच्छ, शेणाचा वास.' झालं. मी घाबरले. गोठ्यात शेणाचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार, असं ठणकावून सांगायला हवं होतं. ते सोडून मी शेवटचा थांबा हायवेवरच्या एसी कॅफेत नेला. तिथलं चीज पाकिटातलं. साखरबाईंची गोष्ट मात्र मी तिथेही सांगायची, अगदी लालबुंद बोटांसकट. पाहुणे भारावून जायचे आणि ते चीज साखरबाईंचंच समजून खायचे. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आणि साखरबाईंना मी काय सांगत होते? शनिवारी फोन करायचा आणि म्हणायचं, "मावशी, उद्या पाहुणे नाहीत." एक नाही, सहा शनिवार. "बरं बाई," त्या म्हणायच्या. "तरी दूध ठिवते बाजूला. आलं कुनी अवचित, तर?" फोन ठेवला की मला माझ्याच तोंडाची शिसारी यायची. तरी पुढच्या शनिवारी मी तेच बोलायची.

सहाव्या रविवारी स्टँडसमोर चौदा जण जमले होते. मी छत्री उघडली आणि समोरून साखरबाई आल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात स्टीलचा डबा, सोबत जाऊ बयाबाई.

"सारखी म्हनतीस, पाव्हनं येत न्हाईत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "म्हटलं, पोरीनं फिरनंच बंद केलं तर? म्हनून आमी दोघी आलो. आज आमाला फिरव. आन् हे चीज आनलंय, शेवटाला खायाला."

मग त्यांची नजर माझ्यामागच्या घोळक्यावर गेली.

"आजच आले, मावशी," मी म्हटलं. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"लई बेस झालं!" त्या मनापासून म्हणाल्या आणि घोळक्यात सामील झाल्या. बेकरीत सुभानचाचांशी गप्पा मारल्या, पास्ता खाऊन "तिखट कमी हाय" म्हणाल्या. मला मात्र प्रत्येक वळणाला घाम फुटत होता. नदीकडचा रस्ता आला. त्या सवयीनं तिकडे वळल्या. मी छत्री हायवेकडे वळवली. त्या थबकल्या आणि माझ्यामागे आल्या.

कॅफेत पांढऱ्या बशा आल्या. साखरबाईंनी चीजचा तुकडा तोंडात टाकला, हळूहळू चावला. डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि वर पदर ओढला. आज गोष्ट सांगायला माझं तोंडच उघडेना. पण एक चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "माझी बहीण मागच्या रविवारी या फेरीला आली होती, तिनं सांगितलं. त्या म्हशीच्या चीजवाल्या आजी म्हणजे तुम्हीच का? हे तुम्ही केलंय?"

मागच्या रविवारी. मी खाली बघितलं.

"व्हय," साखरबाई म्हणाल्या. "माजंच हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प राहिले. आजवर मी केलेली सगळ्यात नीच गोष्ट तीच.

थोड्या वेळानं त्या उठल्या. म्हशी वाट बघत असतील, म्हणाल्या. मी दारापर्यंत मागे गेले. माफी मागायला शब्द जुळवत होते, तोवर त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"आता मी सा वाजायच्या आत गोठा धुती, स्नेहल," त्या हळूच म्हणाल्या. "फिनेल टाकून. वास न्हाई येत. तेवढं सांगून बघ पाव्हन्यास्नी."

म्हणजे त्यांना कारण कळलं होतं. आजच कळलं की आधीपासून ठाऊक होतं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोघी जावा हायवेच्या कडेनं चालू लागल्या.

मी आत आले, डबा टेबलावर उघडला आणि सगळं सांगून टाकलं. पाकीट, सहा शनिवार, गोठा.

"पण मग आजी असं का म्हणाल्या, माझंच आहे म्हणून?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"माझी लाज राखायला," मी म्हटलं.