न पडलेली पाकळी

म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याची बस लागली आणि पार्वतीनं खिडकीची जागा मला दिली. तेही मला रुचलं नाही. तिला स्वतःचं घर, सासू, दारात माड. मी बेळगावहून भाड्याच्या खोलीला कुलूप लावून आलेली. आम्हा दोघींत सारखं एवढंच, की आमचे नवरे साखळीकडे खाणीवर ट्रक चालवायचे. संपात पोलिसांनी दोघांना एकाच जीपमध्ये घातलं आणि नंतर सरळ कानांवर हात ठेवले. पुढे गोवा राज्य झालं, फटाके वाजले, पण हे दोघे काही घरी आले नाहीत. आता आम्ही दोघींनी केलेल्या अर्जाची कोर्टातली तारीख जवळ आली होती. त्याआधी तिच्या गावच्या देवाला प्रसाद लावू (कौल मागू), असा पार्वतीचा हट्ट.

धारगळच्या अलीकडे टायर बसला. रस्त्याकडेला उभ्यानंच आम्ही उंडे (कडक गोल पाव) आणि पातळभाजी खाल्ली. सभोवार शेतं हिरवीगार होती. पैसेही तिनंच दिले.

देवळात भटजींनी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या.

"मागणां मनांत धर, बाय. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हय."

पार्वतीनं हात जोडले आणि उजवी पाकळी लगेच खाली आली. तिचे डोळे भरले. माझ्या पोटात दुखलं. तिचा जिवंत, मग माझा? जीपमध्ये तर दोघे शेजारीशेजारी बसले होते!

माझ्या वेळी एकही पाकळी हलली नाही. समईत पुन्हा तेल घातलं, तरी नाही.

"देव आज सांगना," भटजी म्हणाले. "परत ये."

पायऱ्या उतरताना मी तोंड आवरलं नाही. "तुझं बरं आहे बाई. तुझा येणार."

ती थांबली. "कोण येतलो? मी तां विचारूंकच ना गे."

"मग काय विचारलंस?"

"कोर्टात उबी रवूं काय, म्हणान. सासू नाका म्हणता, पोलीस परत घरात येतले म्हणान भियेता. तां दुसरां विचारूंक माका धीरच जायना."

म्हापशाला तिनं मला बेळगावच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खाली उभी राहिली. तारखेला ती माझ्याआधी कोर्टात हजर असेल, याची मला खात्री होती. त्यानं धीर आला. पण खरं सांगते, हेवा काही गेला नाही. तिनं असं काहीतरी विचारलं होतं, ज्याचं उत्तर निदान देवाला तरी देता आलं.