न दुखणाऱ्या गुडघ्याची गोळी

मंडळी, आज सांगलीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ऐंशी ओलांडलेले एक आबा आले. मूळचे कोरेगावकडचे. चालताना डावा गुडघा ताठ, पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकतात.

सोबतच्या सूनबाई म्हणाल्या, "गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी देते. तिनं पोटात जळजळतं, म्हणून जळजळीची आणखी एक."

आबांनी पायताण काढलं आणि खाली सतरंजीवर सरळ मांडी घालून बसले. ताठ गुडघ्याची मांडी होत नाही. नीट तपासलं, तर गुडघा ठणठणीत.

"आबा, दुखतंय कुठं?"

"कुठंच न्हाई. इचारलंय कुनी?"

सूनबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"मग असं कधीपासून चालताय?"

"चालाय लागलो तवापासनं."

चाळीसच्या दशकात त्यांचे वडील लढाईवरून गुडघा जायबंदी होऊन घरी आले, तेव्हा आबा नुकतं पाऊल टाकायला शिकत होते. वडिलांचं बोट धरून जे चालणं दिसलं, तेच त्यांनी उचललं.

गोळ्या बंद करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, असं मी सूनबाईंना सांगितलं. आबांना मी म्हणाले, "व्यायामानं चाल थोडी सुधारेल."

"ऱ्हाऊ द्या. बाचा एकबी फोटू न्हाई आमच्याकडं."

दारापर्यंत जाणारी ती चाल मी पुन्हा पाहिली, या वेळी दोष न शोधता.

तुमच्या घरात कोण कुणासारखं चालतं?