बांबू खाचेत बसेपर्यंत

सिंगापुरात यिशुनला आमच्या शेजारी एक तमिळ वकीलबाई राहायच्या. घरकामाला आलेल्या परदेशी मुलींचे खटले त्या फुकट लढवायच्या. वकिलाला शोभणारा भारदस्तपणा त्यांना कधी जमलाच नाही. लिफ्टमध्येसुद्धा त्या सगळ्यांना आधी चढू द्यायच्या. कोर्टात कोणी ना कोणी त्यांना दुभाषी समजायचंच. मी एकदा त्यावरून चिडलो, तर तिथल्या लकबीत शेवटी 'लाह' लावून म्हणाल्या, "दुभाष्याचं बरं असतं, लाह. ऐकलेलं दुसऱ्याला सांगून मोकळा."

त्या स्वतः मोकळ्या होत नाहीत, हे मला एका रविवारी कळलं. त्या चहाला आल्या होत्या. आमचं घर नवव्या मजल्यावर. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकून, ओले कपडे अडकवलेला बांबू बाहेरच्या भिंतीतल्या खाचेत सरकवत होती. बाई बोलता बोलता उठल्या, तिच्यामागे गेल्या आणि तिच्या कुडत्याचं टोक मुठीत घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"अहो, मी रोज वाळत घालते कपडे," बायको हसली.

"तीही रोजच घालायची, अक्का."

ती म्हणजे त्यांची अशील. मालकाकडे कपडे वाळत घालताना खिडकीतून पडली होती. जीव वाचला, पण तिला चालता येत नव्हतं. तिचा खटला बाई केव्हाच जिंकल्या होत्या. तरी बांबू बाहेरच्या खाचेत बसेपर्यंत त्यांनी कुडतं सोडलं नाही.

बायकोला आधाराची गरज नव्हती. पण पुढच्या रविवारपासून कपडे पिळून झाले की ती शेजारचं दार वाजवायची. "या हो, मला धरायला," म्हणायची, आणि बाई हातातली फाइल टाकून यायच्या.